वंगण, सुई आणि मिठाचं पाणी

तुमच्या घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल, तर ‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ हे वाक्य तुम्ही एकदा तरी ऐकलं असणार. दोन वर्षांपूर्वी ते माझ्या आईनं ऐकलं. साताऱ्याहून तिचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा इथे मेलबर्नमध्ये रात्रीचे साडेदहा वाजले होते.

“अगं, डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. म्हणाले, वंगण संपलंय, हाडावर हाड घासतंय. जेलचं इंजेक्शन देऊ, सहा महिने बघायला नको. मी म्हटलं, मुलीला विचारून सांगते. तू त्यातलीच ना?”

मी ‘त्यातली’ नाही. माझ्या नावामागे लागलेलं ‘डॉ.’ हे पीएचडीचं आहे. घट्ट आणि चिकट द्रव कसे वाहतात, हा माझा विषय. टोमॅटो केचप बाटलीत हटून का बसतं आणि एकदा हलवलं की भसकन का सांडतं, अशा प्रश्नांवर मला पगार मिळतो. पण ‘वंगण’ हा शब्द माझ्या दुकानातला होता, म्हणून मी वाचायला बसले. एका रात्रीत वाचून होईल असं वाटलं होतं, त्याला काही महिने लागले. जे सापडलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण तुमच्याकडेही असा फोन आला असेल, नाहीतर येईल. हा वैद्यकीय सल्ला नाही. गुडघ्यात सुई घालण्याचा हा साधारण पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी एक फरक लक्षात ठेवायला हवा. आपण बोलताना सगळ्यालाच संधिवात म्हणतो. पण आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला असतो. वयानुसार, वजनानुसार, जुन्या दुखापतीनुसार होते ती झीज, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, हा वेगळा आजार. आईचा आजार हा दुसरा. पहिलं गाजलेलं औषध मात्र पहिल्या आजारासाठी आलं, आणि तिथूनच गोंधळ सुरू झाला.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका तरुण स्त्रीला ‘कंपाउंड ई’ नावाचा पदार्थ टोचला. तो एडवर्ड केंडल यांनी आधीच्या दशकात अधिवृक्क ग्रंथींतून वेगळा केला होता, आणि आता मर्क कंपनी बैलाच्या पित्तापासून तो मोठ्या खटाटोपानं बनवत होती. काही दिवसांतच ती स्त्री चालू लागली. या पदार्थाला पुढे कॉर्टिझोन हे नाव मिळालं, आणि १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइकश्टाइन यांना नोबेल. पण पोटातून किंवा स्नायूतून सतत दिलेल्या कॉर्टिझोनचे दुष्परिणामही लवकरच दिसू लागले. तेव्हा विचार पुढे आला की सगळ्या शरीराला कशाला, दुखतं तिथेच द्यावं. फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये थेट सांध्यात हायड्रोकॉर्टिझोन देण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. सूज उतरत होती, दुखणं कमी होत होतं. आमवाताच्या जोडीनं झिजेचे गुडघेही त्या रांगेत येऊन बसले.

आता या गोष्टीतलं मुख्य पात्र येतं. ते म्हणजे मिठाचं पाणी.

१९५८ मध्ये मिलर, व्हाइट आणि नॉर्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी झिजलेल्या गुडघ्यांचे गट पाडले. काहींना हायड्रोकॉर्टिझोन दिलं. काहींना लॅक्टिक आम्ल दिलं, कारण सांध्यातला द्रव अल्कधर्मी होतो म्हणून दुखतं असा एक समज त्याआधी इंग्लंडमध्ये चांगलाच रुजला होता. काहींना नुसतं सलाइन दिलं. आणि काहींना तर इंजेक्शनचा फक्त देखावा केला, सांध्यात काहीच सोडलं नाही. सगळ्याच गटांतल्या पुष्कळांना बरं वाटलं, आणि गटागटांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या प्रयोगशाळेत असा निकाल आला असता, तर मी आधी उपकरणावर शंका घेतली असती. डॉक्टरांनीही बहुधा तेच केलं. इंजेक्शनं चालूच राहिली.

स्टेरॉइडला न्याय द्यायचा तर पुढचंही सांगायला हवं. २०१५ च्या कॉक्रन आढाव्यात २७ चाचण्या आणि १,७६७ रुग्ण होते. पहिल्या काही आठवड्यांत स्टेरॉइडनं थोडा आराम मिळतो असं त्यात दिसलं, सहा महिन्यांनी मात्र काही उरत नाही. चाचण्यांचा दर्जाही फारसा चांगला नव्हता. मग २०१७ मध्ये बोस्टनच्या टिमथी मॅकअलिंडन यांच्या गटानं १४० रुग्णांना दोन वर्षं दर बारा आठवड्यांनी इंजेक्शन दिलं. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना सलाइन. दुखण्यात फरक पडला नाही. कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांची जास्त झिजली. गुडघा सुजून फुगला असताना एखादं इंजेक्शन घेणं आणि दर तीन महिन्यांनी नेमानं घेत राहणं, या दोन गोष्टी एकच नाहीत, एवढं यातून नक्की कळतं.

आता आईच्या वंगणाकडे येऊ. गुडघ्यात खरंच एक दाट द्रव असतो. त्याला सायनोव्हियल द्रव म्हणतात, आणि अंड्यातल्या पांढऱ्यासारखा दिसतो म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. त्याला दाटपणा देणारा रेणू कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शोधला, तोही गाईच्या डोळ्यात. त्याचं नाव हायलुरॉनिक आम्ल. तेच, जे आज प्रत्येक फेस क्रीमच्या डब्यावर लिहिलेलं असतं.

हा रेणू गुडघ्यात नेमकं काय करतो, हे मोजणाऱ्यांत एक माणूस होता अलेक्झांडर ऑग्स्टन. त्यांचा जन्म १९११ चा, मुंबईतला. ऑक्सफर्डमध्ये असताना त्यांनी आणि स्टॅनियर यांनी बैलांच्या सांध्यांतला द्रव घेऊन त्याची चिकटाई, लवचीकपणा आणि वंगणाचा गुण यांचा अभ्यास केला, आणि १९५३ मध्ये तो छापला. पुढे १९५९ मध्ये ते कॅनबेराला ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत प्राध्यापक म्हणून आले आणि १९७० पर्यंत राहिले. मुंबईत जन्मून ऑस्ट्रेलियात चिकट द्रवांवर काम करणारं माझ्या आधी कुणीतरी होतं, याचा मला उगाच आनंद झाला. मी मुंबईची नाही, पण परदेशात माणूस नातं कुठूनही जोडतो.

हा द्रव खरोखर गमतीचा आहे. हळू हलवला तर तेलासारखा वाहतो, झटका दिला तर रबरासारखा उसळतो. तुम्ही चालता तेव्हा तो वंगण असतो, उडी मारता तेव्हा धक्का झेलणारी गादी. झिजलेल्या गुडघ्यात हा रेणू आखूड आणि विरळ होतो, हेही खरं. मग जो कमी पडलाय तो बाहेरून भरावा, हा विचार सुचणं अगदी स्वाभाविक होतं. तो चिकाटीनं पुढे नेला मूळच्या बुडापेस्टच्या एंड्रे बालाझ यांनी. त्यांना हायलुरॉनिक आम्लाचा उत्तम साठा सापडला तो कोंबड्याच्या तुऱ्यात. १९७० मध्ये शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत ते टोचल्याचा वृत्तांत आला, १९७४ मध्ये माणसांच्या सांध्यांत. १९८० च्या सुमारास तेच जेल मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत वापरात आलं आणि तिथे त्यानं मोठंच काम केलं. १९९७ मध्ये अमेरिकेनं गुडघ्यासाठी अशा दोन उत्पादनांना मान्यता दिली. औषध म्हणून नव्हे बरं का, उपकरण म्हणून! जेल शरीरात रासायनिक काम करत नाही, यांत्रिक काम करतं, अशी भूमिका होती. म्हणजे कायद्याच्या कागदावरही ते वंगणच होतं.

माझी आई माळकरी. मी तिला कोंबड्याच्या तुऱ्याचं सांगितल्यावर फोनवर बराच वेळ शांतता होती. मग तिनं दादाला औषधाच्या दुकानात पिटाळून खोक्यावरचं बारीक अक्षर वाचून घेतलं. तिचं जेल जिवाणूंच्या किण्वनातून बनवलेलं निघालं. हल्ली बरीचशी तशीच असतात. “म्हणजे दह्यासारखं,” आई म्हणाली, आणि तो प्रश्न मिटला.

माझा मिटला नव्हता. पहिली अडचण माझ्याच विषयातली. गुडघ्यात सोडलेलं हे जेल तिथे किती काळ टिकतं, याचं उत्तर तासांत आणि दिवसांत मोजायचं असतं. आराम मात्र सहा महिन्यांचा सांगितला जातो. गाडीत ऑइल घातलं आणि ते आठवड्याभरात गळून गेलं, तर पुढचे पाच महिने गाडी त्यावर चालली असं आपण म्हणत नाही. दुसरी अडचण अशी की कूर्चेत नसाच नसतात. ती घासली गेली तरी दुखणं तिच्यातून उठत नाही. ते उठतं हाडातून, सांध्याच्या आवरणातून, आजूबाजूच्या उतींतून. म्हणूनच एक्स-रेत गुडघा वाईट दिसणारी माणसं आरामात चालतात, आणि बरा दिसणारी कण्हत असतात.

आकडे काय म्हणतात? इथे पुन्हा ऑस्ट्रेलियाचा संबंध येतो. गुडघ्याचं दुखणं मोजायला जगभर ‘वोमॅक’ नावाची प्रश्नावली वापरतात: जिना उतरताना किती दुखतं, खुर्चीतून उठताना किती, वगैरे. ती कॅनडात तयार करणारे निकोलस बेलामी पुढे क्वीन्सलंडला आले. त्यांच्या गटानं २००६ मध्ये ७६ चाचण्यांचा आढावा घेतला आणि जेल उपयोगी आहे असा निष्कर्ष काढला. नंतर चाचण्या वाढल्या, मोठ्या झाल्या, अप्रकाशित राहिलेल्याही कुणीकुणी उकरून काढल्या. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १६९ चाचण्या आणि २१,१६३ रुग्णांचा आढावा आला. मोठ्या चाचण्यांत जेल आणि लुटुपुटीचं इंजेक्शन यांच्यात दुखण्याचा फरक होता १०० मिलिमीटरच्या पट्टीवर २ मिलिमीटर. गंभीर दुष्परिणाम मात्र जेलच्या बाजूला अधिक. इथल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या कॉलेजनं तर २०१८ च्या मार्गदर्शिकेतच गुडघ्यासाठी जेल सुचवू नये असा कल दिला होता.

जेलचा भाव उतरतोय तोवर बाजारात रक्त आलं. पीआरपी, म्हणजे तुमचंच रक्त काढून, गरगर फिरवून, त्यातला बिंबिकांनी भरलेला भाग तुमच्याच गुडघ्यात सोडायचा. खेळाडूंनी ते घेतल्याच्या बातम्या २००९ च्या सुमारास आल्या आणि पाहता पाहता ते सगळीकडे पोचलं. ‘आपलंच रक्त, आपलंच औषध’ ही कल्पना किती मोहक आहे बघा. इथे मेडिकेअर त्याचे पैसे देत नाही, तरी लोक खिशातून घालतात.

याची कसून परीक्षा झाली ती माझ्याच शहरात. मेलबर्न विद्यापीठाच्या किम बेनेल, ज्या स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत, आणि सिडनीचे डेव्हिड हंटर यांच्या गटानं मेलबर्न आणि सिडनीत मिळून पन्नाशीपुढचे २८८ रुग्ण घेतले. रक्त सगळ्यांचंच काढलं, म्हणजे कुणाला काय मिळतंय याचा अंदाज येऊ नये. मग आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं: निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी. वर्षानंतर दहाच्या पट्टीवर पीआरपीवाल्यांचं दुखणं सरासरी २.१ नं कमी झालं होतं, पाण्यावाल्यांचं १.८ नं. कूर्चेचं आकारमान एकीकडे १.४ टक्के घटलं, दुसरीकडे १.२ टक्के. हा फरक धरण्याजोगा नव्हता. निकाल नोव्हेंबर २०२१ मध्ये छापून आला.

मूलपेशींची कथा याहून कडू आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियानं रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवरचे उपचार औषध-नियमनातून वगळले. त्या फटीतून क्लिनिकं उगवली. पोटावरची चरबी काढायची, पेशी वेगळ्या करायच्या आणि गुडघ्यापासून विस्मृतीपर्यंत हव्या त्या आजारावर टोचायच्या. २०१३ मध्ये सिडनीजवळ विस्मृतीसाठी असा उपचार घेतलेल्या एका वृद्ध स्त्रीचा मृत्यू झाला. नियम कडक व्हायला २०१८ उजाडलं, आणि २०१९ पासून अशा उपचारांची लोकांपुढे जाहिरात करणंही बंद झालं. तेव्हा ‘ऑस्ट्रेलियात चालतं म्हणजे चांगलंच असणार’ असं कुणी तिकडे म्हणालं, तर त्यांना ही सात-आठ वर्षं आठवण करून द्या.

हे सगळं वाचून होईपर्यंत आईचं इंजेक्शन होऊन गेलं होतं. मी ‘थांब, वाचते आहे’ म्हणत राहिले, आणि दादा एकदा वैतागून म्हणाला, “तू तिकडे बसून पेपर वाच. रात्री तिला बाथरूमला धरून मी नेतो.” यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आणि वाचकहो, आईला बरं वाटलं! चांगलं चार महिने बरं वाटलं. दोन वर्षं सोडून दिलेला सज्जनगड ती पायऱ्या चढून गेली आणि वरून मला फोटो पाठवला. मग हळूहळू दुखणं परतलं. गेल्या डिसेंबरात ती माझ्याकडे आली तेव्हा स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता म्हणाली, “परत गेले की दुसरं घेऊन टाकते. तू काय म्हणतेस?”

मी तिला मिठाच्या पाण्याची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही, यावर मी बरेच दिवस घोळले होते. चार महिन्यांचा सज्जनगड मी तिच्या हातून काढून घेत होते, असं मला वाटत होतं. तिनं सगळं ऐकलं, सुरी खाली ठेवली आणि विचारलं, “म्हणजे मला बरं वाटलं ते खोटं होतं का गं?”

हा प्रश्न एकाही पेपरात नव्हता. तिला दिलेलं उत्तर तुम्हालाही देते. नाही, खोटं नव्हतं. त्या चाचण्या नीट वाचल्या तर पाण्यावाल्यांचं दुखणंही खरंच कमी झालेलं आहे. याची काही कारणं कळतात. झिजेचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं, आणि माणूस सुई टोचून घ्यायला जातो तो ऐन भरतीच्या दिवसांत. पुढे ओहोटी यायचीच असते. शिवाय कुणीतरी आपला गुडघा हातात धरतं, नीट बघतं, वेळ देतं. बरं वाटेल या भरवशावर माणूस चार पावलं जास्त टाकतो, आणि त्या पावलांनीच पाय बळावतो. २०१५ च्या एका आढाव्यात लुटुपुटीच्या गोळीपेक्षा लुटुपुटीची सुई जास्त गुण देताना दिसली. आईचा आराम खरा होता. त्याचं श्रेय जेलला दिलं गेलं, तिथे चूक झाली. आणि ती चूक दर सहा महिन्यांनी हजारो रुपयांची पडते, टोचण्याबरोबर येणारा जंतुसंसर्गाचा धोका वेगळाच.

“मग करायचं काय?” हा पुढचा प्रश्न साहजिक होता. मी व्यायामाचं सांगितलं. अमेरिकन लष्करी रुग्णालयांतल्या १५६ जणांच्या चाचणीत, २०२० ची गोष्ट, वर्षाअखेर फिजिओथेरपीवाले स्टेरॉइडवाल्यांपेक्षा चांगले होते. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये सुरू झालेला ‘ग्लॅड’ नावाचा व्यायामवर्ग ला ट्रोब विद्यापीठानं ऑस्ट्रेलियात आणला आहे. मांडीचे स्नायू बळकट करायचे, उठ-बस नीट करायला शिकायचं, थोडं दुखलं तरी घाबरायचं नाही, एवढंच त्यात असतं.

पण इतिहास सांगायचा तर आपल्या बाजूच्या गैरसोयीचाही सांगायला हवा. २०२२ मध्ये खुद्द डेन्मार्कमध्ये २०६ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना आठ आठवडे तोच व्यायामवर्ग, निम्म्यांना चार वेळा मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन. आणि या वेळी ‘हे फक्त पाणी आहे’ असं स्पष्ट सांगून. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. म्हणजे मिठाच्या पाण्यानं मलाही गप्प केलं. व्यायामाचा हृदयाला, साखरेला, तोल सांभाळायला फायदा होतो आणि पाण्याचा होत नाही, हे खरं आहे, आणि माझा कल अजूनही तिकडेच आहे. पण गुडघ्याचं दुखणं नेमकं कशानं शमतं याचं उत्तर आपल्या हाती आहे, असा आव मी आता आणत नाही.

म्हणून फोन आला की ‘घेऊ नका’ असं एकदम सांगू नका. आधी तिघांची उत्तरं डॉक्टरांकडून मिळवा. हे मिठाच्या पाण्यापेक्षा किती सरस आहे? किती आठवडे? आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आणि हो, रात्री बाथरूमला धरून नेणारं जे माणूस तिकडे आहे, त्याला आधी विचारा की तुझं कसं चाललंय.

आई मेलबर्नमध्ये तीन महिने होती. रोज सकाळी ती खुर्चीचा आधार घेऊन दहा वेळा उठायची-बसायची आणि मोजता मोजता हरिपाठ म्हणायची. निघायच्या आदल्या दिवशी बॅगा भरताना मला म्हणाली, “सगळं पटलं. पण ते पाण्याचं इंजेक्शन साताऱ्यात मिळेल का गं कुठे? स्वस्तही असेल.”

मी हसले. मग आठवलं की ती चेष्टा करते तेव्हा आधी स्वतः हसते. या वेळी ती हसली नव्हती.